ऑफिससाठी पहिली रोड बाइक: आधी फोर्कमधली जागा पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडहून हिंजवडीला रोज सायकलने जायचे आहे. एका बाजूचे अंतर 17 किलोमीटर, उंची 5 फूट 6 इंच, वजन 72 किलो, सोबत लॅपटॉप आणि डबा, आणि खर्चाची तयारी 55 हजार रुपयांपर्यंत. दुकानात 25 मिलिमीटर टायरची, साडेनऊ किलो वजनाची, रेसिंग धाटणीची एक रोड बाइक मनात भरली आहे. मित्र म्हणतात हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची सायकल, घे. आणि दुकानदार म्हणतो की शिमानो सोराचा गिअरसंच या किमतीत पुन्हा मिळणार नाही. यातले काय घ्यावे?

रोड बाइक घ्यावी, पण दुकानात मनात भरलेली ती घेऊ नये, असे माझे मत आहे. पुण्यात सायकलने कामावर जाण्याला मला आता 18 वर्षे झाली आणि त्यातली बरीच वर्षे सुट्टीच्या दिवशी इतरांच्या सायकली जुळवून देण्यात, चाकांचे आऊट, म्हणजे डुगणे, काढण्यात गेली. या काळात पहिली रोड बाइक घेऊन सहा महिन्यांत ती गॅलरीत उभी करणारे जे जे पाहिले, त्यातल्या बहुतेकांची चूक एकच होती. त्यांनी सायकलवर काय काय बसवलेले आहे ते बारकाईने पाहिले, आणि तिच्यात काय काय बसू शकेल ते पाहिलेच नाही. टायर आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा दुबेळका भाग) यांच्यामध्ये किती जागा मोकळी आहे, मडगार्ड आणि कॅरियर लावायला भोके आहेत की नाहीत, हँडल कितपत वर घेता येते, हे प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, कारण दुकानातल्या चकचकीत फरशीवर त्यांची गरजच भासत नाही.

आधी हायब्रिडचा विचार करू, कारण तो सल्ला चुकीचा नाही. 17 किलोमीटर अंतर हायब्रिडवर ताशी 20 किलोमीटरच्या सरासरीने 51 मिनिटांत होईल, तर रोड बाइकवर ताशी 22 च्या सरासरीने 46 मिनिटांत. म्हणजे फरक 5 मिनिटांचा, आणि त्यातलीही दोन-तीन मिनिटे बाणेर-वाकड भागातले सिग्नल खाऊन टाकतील. वेगासाठी रोड बाइक घ्यायची असेल, तर हा हिशेब पाहून पैसे वाचवलेले बरे. मी रोड बाइक सुचवतो ती तिच्या वाकड्या हँडलसाठी. सरळ हँडलवर तळहात दिवसभर एकाच कोनात राहतो आणि 40 मिनिटांनंतर करंगळी व शेजारचे बोट बधिर होऊ लागते; वाकड्या हँडलवर हात वर, ब्रेकच्या मुठीवर आणि खाली असे फिरवता येतात, आणि महामार्गाच्या सेवा रस्त्यावर समोरून वारा आला की कोपर वाकवून थोडे खाली झुकता येते. अंतर 8 किलोमीटरच्या आत असते, तर मी बिनदिक्कत हायब्रिडच म्हटले असते. तेव्हाही एक अट घातली असती, ती म्हणजे पुढे सस्पेन्शन नको. स्वस्त हायब्रिडवरचे सस्पेन्शन सायकलीचे वजन दीड-दोन किलोंनी वाढवते आणि दोन पावसाळ्यांत गंजून असे बसते की मग ते सस्पेन्शन आहे हे फक्त वजनावरून कळते.

आता टायरकडे वळतो, आणि इथे थोडा वेळ थांबणार आहे.

माझी पहिली रोड बाइक मी 2011 मध्ये घेतली. तिला 23 मिलिमीटरचे टायर होते, त्यात 110 पीएसआय हवा भरायची असे दुकानदाराने बजावले होते, आणि मी ते तंतोतंत पाळत होतो. पहिल्याच जुलैमध्ये पाच पंक्चर झाले. पाचव्या वेळी रस्त्याच्या कडेच्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरली, बुडबुडे पाहिले आणि ट्यूब माझ्यापुढे ताणून दाखवली. शेजारी शेजारी, बोटभर अंतरावर, दोन बारीक चिरा होत्या, साप डसावा तशा. "साहेब, काच नाही, खिळा नाही, तुमची रिमच चावते ट्यूबला," तो म्हणाला. खड्ड्याच्या काठावर बारीक टायर पूर्ण दबतो, ट्यूब रिमच्या दोन कडा आणि खड्ड्याचा काठ यांच्यात चिमटली जाते आणि दोन्हीकडून कापली जाते. यावर उपाय म्हणून हवा आणखी वाढवली की चिरा थांबतात, पण मग प्रत्येक हादरा मनगटात आणि कमरेत जातो आणि ओल्या रस्त्यावर टायर धरत नाही. खरा उपाय रुंद टायर हाच आहे. आज माझ्या सायकलीला 32 मिलिमीटरचे टायर आहेत. माझे वजन जवळपास आपल्याइतकेच आहे, आणि मी मागे 65 व पुढे 60 पीएसआय हवा ठेवतो. चिमटून झालेला पंक्चर आता वर्षात एखादाच.

रुंद टायर म्हणजे संथ टायर, ही समजूत गुळगुळीत ट्रॅकवरून आलेली आहे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उडत राहतो, आणि त्या उडण्यात आपलीच शक्ती वाया जाते. मऊ टायर तो खडबडीतपणा पोटात घेतो. आपल्या मार्गावर पेव्हर ब्लॉक आहेत, मेट्रोच्या कामांनी उखडलेले पट्टे आहेत, रस्त्यापेक्षा दोन इंच खाली गेलेली चेंबरची झाकणे आहेत, आणि पावसाच्या पाण्याच्या जाळ्या आहेत, ज्यांच्या पट्ट्या कधी कधी नेमक्या चाकाच्याच दिशेने बसवलेल्या असतात. अशा फटीत 23 चा टायर आरपार जातो. 32 चा बहुधा वरून निघून जातो. पाण्याने भरलेल्या रस्त्यावर ती फट दिसतसुद्धा नाही, म्हणून या फरकाची किंमत मी पैशात करत नाही.

टायर बदलणे सोपे आहे. टायरसाठी जागा करणे अशक्य आहे. आपल्याला आवडलेल्या सायकलीवर नेहमीचे आखूड कॅलिपर ब्रेक (टायरच्या वरून येऊन रिमला दोन्हीकडून दाबणारे) असतील, तर त्यांच्याखालून फार तर 28 चा टायर जातो, आणि तोही मडगार्ड न लावता. डिस्क ब्रेकच्या सायकलीत ब्रेक चाकाच्या मध्याशी गेल्यामुळे वरची जागा मोकळी होते, आणि एंड्युरन्स प्रकारच्या, म्हणजे लांब पल्ल्यासाठी आरामशीर बैठकीच्या, अनेक फ्रेममध्ये 32 ते 38 पर्यंतचे टायर बसतात. दुकानात यासाठी साधी परीक्षा करावी. टायर आणि फोर्कचा वरचा जोड यांच्यामध्ये करंगळी घालून पाहावी, आपले जुने कारागीर फोर्कला चिमटा म्हणतात, त्यामुळे त्यांना "चिमट्यात जागा किती?" असे विचारले तरी चालेल. करंगळी सहज फिरली तर त्या टायरवर मडगार्ड बसेल. नख जेमतेम शिरत असेल तर ती सायकल कोरड्या ऋतूची आहे, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे. तीच परीक्षा मागे, सीटखालच्या नळ्यांच्या जोडाशी आणि खाली पायडलच्या धुऱ्यामागेही करावी, कारण पुष्कळदा पुढे जागा असते आणि मागे नसते.

मडगार्डविषयी नवख्यांना वाटते की ते कपड्यांसाठी असते. कपडे ऑफिसात बदलता येतात. पुढच्या चाकाने उडवलेली वाळूमिश्रित राड थेट चेनवर, पायडलच्या धुऱ्यावर आणि फोर्कच्या बेअरिंगमध्ये जाते, आणि तेलात मिसळली की ती पॉलिशपेपरसारखे काम करते. पूर्ण लांबीचे मडगार्ड असलेली चेन आणि नसलेली चेन यांच्या आयुष्यात माझ्याकडे आलेल्या सायकलींत मी जवळजवळ दुपटीचा फरक पाहिला आहे. चेन झिजली की नाही हे पाहायला 12 इंची पोलादी पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवावे. नव्या चेनमध्ये 24 वी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती एक सोळांश इंचाने पुढे गेली असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर मागची कॅसेटही (दातेरी चकत्यांचा संच) बहुधा गेलेली असते, आणि मग खर्च तिप्पट-चौपट होतो.

मागच्या धुऱ्याजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर आटे पाडलेली छोटी भोके आहेत का, हेही पाहावे. ती असतील तर कॅरियर लागतो आणि लॅपटॉप पाठीवरून उतरून बाजूच्या पिशवीत जातो. एप्रिलमध्ये पाठीवर सॅक घेऊन हिंजवडीला पोहोचलेल्या माणसाच्या शर्टावर सॅकचा नकाशा उमटलेला असतो, आणि तो दुपारपर्यंत वाळत नाही. रेसिंग फ्रेमला बहुधा ही भोके नसतात, शिवाय तिचा मागचा भाग आखूड असल्याने जुगाड करून पिशवी लावली तरी प्रत्येक फेऱ्याला टाच तिला लागते.

ब्रेकबद्दल थोडक्यात सांगतो. पावसात रिमवरचे ब्रेक लागायला एक-दोन फेरे जास्त घेतात, कारण रबर आधी पाणी पुसतो आणि मग पकडतो. शिवाय राड रिमच्याच भिंती खात राहते. डिस्कला हा त्रास नाही. केबलवर चालणारी डिस्क आपल्या खर्चात बसते, तिची केबल कोणताही कारागीर बदलू शकतो, आणि 72 किलोच्या माणसाला चांदणी चौकाच्या उतारावर ती पुरेशी आहे. तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक अधिक चांगली, पण पहिल्याच सायकलीत तिच्यासाठी टायरची जागा किंवा योग्य माप सोडू नये. ब्रेकचा कोणता हात कोणत्या चाकाचा, हे मात्र घेण्याआधी तपासावे. आपल्याकडे मोटारसायकलीप्रमाणे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. बाहेरून आलेल्या काही सायकलींवर तो डावीकडे असतो, आणि घाईच्या क्षणी हात जुन्याच सवयीने वागतात.

आता गिअरसंचाकडे येतो, ज्यावर दुकानदाराचा सारा भर आहे. शिमानोच्या संचांपैकी क्लॅरिस मागे 8 गिअर देतो, सोरा 9, टियाग्रा 10. कामावर जाण्यासाठी क्लॅरिस आणि सोरा यांच्यातला फरक एखाद्या आठवड्यात विसरायला होतो. विसरता येत नाही ते म्हणजे सर्वांत हलका गिअर. कोथरूडहून निघताना पौड रस्त्याने चांदणी चौकाचा चढ लागतो, आणि संध्याकाळी बावधनकडून तोच माथा पुन्हा चढावा लागतो, तेही दिवसभर काम करून. (चौकातला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला आणि ऑगस्ट 2023 मध्ये नव्या रॅम्पचे जाळे खुले झाले, सायकलवाल्याने कोणत्या रॅम्पवर चढायचे नाही हे एखाद्या रविवारी सकाळी जाऊन पाठ करून ठेवावे.) पुढे 34 दाते आणि मागे 32 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.3 मीटर जाते, आणि मिनिटाला 60 फेरे मारून ताशी 8 किलोमीटरने बसल्या बसल्या चढता येते. रेसिंग सायकलीवरच्या 36 आणि 28 दात्यांच्या जोडीत तेच अंतर सुमारे 2.8 मीटर होते. म्हणजे त्याच लयीत चढायचे तर ताशी 10 किलोमीटरने चढावे लागते, नाहीतर पायडल दाबत, गुडघ्यांवर भार टाकत जावे लागते. सायकलीच्या पाटीवर लिहिलेल्या गिअरसंचाच्या नावाकडे दुर्लक्ष करून हे दात्यांचे आकडे विचारावेत. पुढे 50 व 34, मागे 11 ते 32 किंवा 34, असे उत्तर आले तर पुढचे बोलणे करावे.

वजनाबद्दलचा हिशेबही करून टाकू. आपण, सायकल आणि सामान मिळून 86 किलोंच्या आसपास भरते. दोन किलो जड सायकल घेतली तर एकूण वजन सुमारे सव्वादोन टक्क्यांनी वाढेल, म्हणजे 10 मिनिटांच्या चढाला साधारण 14 सेकंद जास्त. सपाट रस्त्यावर तेवढाही फरक पडत नाही. त्या दोन किलोंत मडगार्ड, कॅरियर, रुंद टायर आणि जास्त आऱ्यांची चाके येत असतील, तर 14 सेकंद मी आनंदाने देतो. आऱ्यांचे म्हणायचे तर पुढे-मागे 28 किंवा 32 असावेत. 20-24 आऱ्यांच्या चाकाचा एक आरा तुटला की चाक इतके डुगते की ते फ्रेमला घासू लागते आणि घरी चालत यावे लागते. 32 आऱ्यांच्या चाकाचा एक तुटला तर चाकाला आऊट येतो, पण सायकल घरी पोहोचते. मागच्या चाकाचे आरे बहुतेक वेळा चेनच्या बाजूचे आणि हबजवळच्या (चाकाच्या मध्याजवळच्या) वाकणाशी तुटतात, म्हणून ऑफिसच्या सायकलीला महिन्यातून एकदा त्या बाजूचे आरे दोन-दोन करून बोटांत दाबून पाहावेत. एखादा सैल लागला तर लगेच कारागिराकडे जावे.

माप हा विषय टायरइतकाच महत्त्वाचा आहे, आणि दुकानात इथेच सर्वाधिक फसगत होते, कारण दुकानदार शिल्लक असलेले माप आपल्याला योग्य ठरवण्यात वाकबगार असतो. घरी अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखे वर दाबून धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. आपल्या उंचीला ती 77 सेंटिमीटरच्या आसपास येईल. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले सूत्र असे आहे की या आकड्याला 0.883 ने गुणले की पायडलच्या धुऱ्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, म्हणजे आपल्यासाठी 68 सेंटिमीटर. ही सुरुवात समजावी. पुढे शरीर सांगेल तसे पाच-सात मिलिमीटर इकडे-तिकडे करावे. फ्रेमसाठी कंपनीच्या तक्त्यातले स्टॅक आणि रीच हे दोन आकडे पाहावेत. स्टॅक म्हणजे पायडलच्या धुऱ्यापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची, आणि रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर. स्टॅकला रीचने भागून उत्तर 1.5 च्या जवळ आले तर माणूस बऱ्यापैकी ताठ बसतो, 1.4 च्या आसपास आले तर ती शर्यतीची बैठक आहे, आणि पाठीमागून येणाऱ्या पीएमपीएमएलच्या बसकडे मान वळवून पाहणे त्या बैठकीत अवघड जाते. आपल्या उंचीच्या माणसाला स्टॅक 545 ते 560 आणि रीच 370 ते 380 मिलिमीटर असलेली फ्रेम बहुधा सोयीची पडेल.

लहान मापांच्या फ्रेममध्ये आणखी एक गोष्ट घडते, जी मी स्वतः एकदा आपटून शिकलो. क्रँक (पायडलचा दांडा) आडवा असताना आणि हँडल पूर्ण वळवलेले असताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला किंवा मडगार्डला लागते. वेगात हँडल एवढे वळत नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. पण गर्दीत पायी चालण्याच्या वेगाने वळताना चाक बुटात अडकते आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. थोडीशी शिवाशिव चालते. पाऊलभर अडकत असेल तर ती फ्रेम नको.

पैशांची वाटणी करताना 55 हजारांतले किमान 10 हजार बाजूला ठेवावेत. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, जाड कुलूप, मडगार्ड, कॅरियर व पिशवी, दाबमापक असलेला उभा पंप, दोन जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या यांत ते सहज जातात. रोड बाइकच्या ट्यूबला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व असतो आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्यावर बसत नाही, म्हणून पितळेची छोटी जोडटोपी पाकिटात ठेवावी. मात्र त्या कॉम्प्रेसरने टिचकीइतका वेळच हवा घ्यावी. या ट्यूबमध्ये हवा इतकी कमी मावते की कारागिराचे लक्ष रस्त्याकडे गेले तर स्फोट होतो.

45 हजारांत नवी डिस्कवाली, 32 च्या टायरला जागा देणारी फ्रेम आपल्या मापात मिळाली नाही, तर जुन्या बाजारात पाहायला हरकत नाही. तिथे अॅल्युमिनियम फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, हँडलच्या नळीच्या अगदी मागे, खालून बोट फिरवावे. तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती सायकल समोरून आदळलेली आहे, रंग कितीही नवा असो. जुनी कार्बन फ्रेम पहिल्या सायकलीसाठी मी कोणालाच सुचवत नाही. तिच्या आतली चीर बोटाला लागत नाही.

आपल्याला आवडलेल्या सायकलीबद्दल दुकानदाराला एवढेच विचारावे की याच किमतीत, क्लॅरिसवर का होईना, डिस्क ब्रेकची एंड्युरन्स फ्रेम लहान किंवा मध्यम मापात मागवता येईल का, आणि येईपर्यंत किती दिवस लागतील. ती आल्यावर लॅपटॉपची सॅक पाठीला लावून, ऑफिसला घालायचे तेच बूट घालून, दुकानाबाहेरच्या सर्वांत वाईट रस्त्यावर 20 मिनिटे चालवावी. मान, तळहात आणि कंबर यांपैकी काही 20 मिनिटांतच दुखू लागले, तर सीट-हँडल जुळवून पुन्हा 20 मिनिटे मागावीत. ती द्यायला दुकानदार तयार नसेल, तर दुकान बदलावे.